नियंत्रण मर्यादा केव्हा बदलाव्यात?

कोणतेही यंत्र दोन वस्तू तंतोतंत सारख्या घडवीत नाही. काही फरक प्रक्रियेच्या स्वभावातच असतो, तर काही एखाद्या बिघाडामुळे उद्भवतो. हे दोन्ही वेगळे ओळखण्यासाठी वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये अमेरिकेत ‘नियंत्रण आलेख’ मांडला. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने १९४७-४८ मध्ये ते भारतातही येऊन गेले. या आलेखात मधोमध सरासरीची रेषा असते व तिच्या वर-खाली तीन प्रमाण विचलनांच्या अंतरावर मर्यादारेषा असतात. बिंदू त्यांच्याबाहेर गेला, की कारण शोधायचे. पण या रेषा कायमच्या मानायच्या काय?

समजा, दुधाच्या पिशव्या भरणाऱ्या यंत्रावर दर तासाला पाच पिशव्या मोजल्या जातात. सरासरी ५०२ मिलिलिटर असून मर्यादा ५०० व ५०४ आहेत. झडप अडकू लागली आणि सरासरी हळूहळू उतरली. संगणक दरमहा मर्यादा आपोआप काढीत असेल, तर रेषाही बिंदूंमागोमाग खाली सरकतील. आलेख निर्दोष दिसेल आणि ग्राहकाला मात्र दूध कमी मिळेल.

याउलट, नवी झडप बसवून चढउतार निम्मा झाला असेल, तर जुन्या रेषा निरुपयोगी ठरतात. आता मर्यादा ५०१ ते ५०३ हव्यात; अन्यथा ५०३.५ हा धोक्याचा इशारा नजरेतून निसटेल.

म्हणूनच रेषा बदलण्यापूर्वी चार गोष्टी तपासाव्यात. बदल खरोखरच झाला आहे काय? सलग आठ बिंदू सरासरीच्या एकाच बाजूला पडणे, हा त्याचा एक पुरावा; निव्वळ योगायोगाने तसे घडण्याची शक्यता सव्वाशेत एकाहूनही कमी असते. बदलाचे कारण ठाऊक आहे काय? तो हितकारक आहे काय? आणि तो टिकणार आहे काय? चारही उत्तरे होकारार्थी असतील, तरच नव्या मर्यादा काढाव्यात. बदल अहितकारक असेल, तर दुरुस्ती प्रक्रियेची करावी, रेषांची नव्हे.

नव्या मर्यादांसाठी साधारणतः २० ते २५ नमुने घेण्याचा प्रघात आहे. तोवर काढलेल्या रेषा तात्पुरत्या समजाव्यात. जुन्या रेषा पुसू नयेत. बदलाची तारीख व कारण आलेखावरच नोंदवावे. पुढच्या पाळीच्या कामगाराला यंत्राचा पूर्वेतिहास त्यातूनच कळतो.