पेन ड्राइव्ह शेवटचा कुठे लागला होता?

“साहब, तीन महीने का हिसाब था. सब शॉर्टकट बन गया.” मुनीमजींनी पेन ड्राइव्ह माझ्या तळहातावर ठेवला. त्यांचा आवाज पार उतरला होता.

आग्रा-मुंबई महामार्गाने घाट उतरून निमाडात आलं की धामनोद लागतं. पुढे खलघाटला नर्मदेचा पूल आहे. माझं घर धारला, पवारांच्या काळापासून वसलेल्या मराठी वस्तीत. संगणकांची देखभाल हा माझा व्यवसाय. त्या दिवशी धामनोदच्या एका जिनिंग मिलमधून बोलावणं आलं होतं. हंगाम भरात होता, वजनकाट्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती.

पेन ड्राइव्ह मी त्यांच्या संगणकाला लावला नाही. माझ्या पिशवीत लिनक्स टाकलेला एक जुना लॅपटॉप असतो. दुसऱ्याचा पेन ड्राइव्ह आधी त्यालाच लावायचा, हा माझा नियम आहे. विंडोजसाठी लिहिलेला व्हायरस तिथे चालत नाही आणि विंडोजमध्ये लपवलेलं तिथे उघडं दिसतं.

पडद्यावर प्रत्येक नाव दोनदा दिसलं. एक खरा फोल्डर आणि त्याच नावाची जेमतेम दोन केबीची फाइल. तीन महिन्यांचा हिशेब दोन केबीत मावत नाही. खाली वेड्यावाकड्या अक्षरांच्या नावाची एक व्हीबीएस, म्हणजे स्क्रिप्टची, फाइल होती. दुखण्याचं मूळ तीच.

ही फाइल खरे फोल्डर लपवते आणि त्यांच्या जागी शॉर्टकट ठेवते. चित्र फोल्डरचंच असतं, फक्त कोपऱ्यात एक छोटा वाकडा बाण दिसतो. आपण त्यावर क्लिक करतो तेव्हा आधी व्हायरस चालतो आणि मग खरा फोल्डरही उघडतो. बहुतेकदा काम अडत नाही, म्हणून सुरुवातीला संशय येत नाही. तोवर व्हायरस संगणकात मुक्काम ठोकतो आणि पुढे लागणाऱ्या प्रत्येक पेन ड्राइव्हवर स्वतःची प्रत टाकतो.

खोटे शॉर्टकट आणि ती फाइल मी काढून टाकली. मग स्वच्छ संगणकावर ‘ॲट्रिब’ ही आज्ञा दिली. वजा एच, वजा आर, वजा एस, म्हणजे ‘लपवलेली’, ‘फक्त वाचण्यासाठी’ आणि ‘सिस्टिमची’ या तिन्ही खुणा पुसून टाक. एकेक फोल्डर परत दिसू लागला. मुनीमजींनी आधी मंडीच्या पावत्यांचा फोल्डर उघडून पाहिला, मग कुठे ते खुर्चीत टेकले. त्यांच्या नशिबाने हा व्हायरस लपवणारा होता, पुसणारा नव्हता.

मी विचारलं, हा पेन ड्राइव्ह गेल्या आठवड्यात कुठे कुठे लागला? मिलचं ऑफिस, वजनकाटा, कर सल्लागाराचं ऑफिस आणि बसस्टँडजवळचं फोटोकॉपीचं दुकान. दुकानाचं नाव ऐकलं आणि मला अंदाज आला. तिथे दिवसभर मुलांचे फॉर्म, मार्कशीट, लग्नपत्रिका, आधारच्या प्रती निघतात. गावातला प्रत्येक पेन ड्राइव्ह कधी ना कधी तिथे लागतोच. पाणवठा एकच असला की एकाचं दुखणं सगळ्या गावाचं होतं. यात दुकानदाराची लबाडी नाही. त्याचा संगणकही असाच कुणाच्या तरी हातून बाधित होतो.

हा रोग जुना आहे. पीसीवर पसरलेला पहिला व्हायरस, ‘ब्रेन’, 1986 साली लाहोरमधून फ्लॉपीवर बसून निघाला. पुण्यात कैलास काटकर कॅल्क्युलेटर आणि पुढे संगणक दुरुस्त करत. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस सापडू लागले, तेव्हा धाकटे बंधू संजय यांनी त्यावर सॉफ्टवेअर लिहिलं. त्यातूनच क्विक हील ही अँटिव्हायरस कंपनी उभी राहिली.

“हमारे काँटे पे इंटरनेट ही नहीं, वहाँ कैसे आएगा?” मुनीमजींचा हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक ऑफिसात ऐकू येतो. उत्तर जगाने 2010 साली पाहिलं. इराणच्या नतांझ इथल्या युरेनियम केंद्रातली यंत्रं इंटरनेटला जोडलेली नव्हती. तरी स्टक्सनेट नावाचा व्हायरस तिथे पोचला, आणि त्याच्या प्रसाराचं एक मुख्य साधन यूएसबी ड्राइव्ह होतं. त्याने विंडोजच्या शॉर्टकटमधलीच एक खोट वापरली होती. क्लिकसुद्धा लागत नव्हतं, नुसता फोल्डर उघडून चित्रं दिसली तरी पुरे. त्या वेळी सर्वाधिक बाधित संगणक इराणमध्ये होते, मग इंडोनेशियात आणि तिसऱ्या क्रमांकावर भारतात.

खरं तर पेन ड्राइव्हच्या व्हायरसला इंटरनेट नसलेला संगणक जास्त उघडा असतो. त्याचा अँटिव्हायरस अपडेट होत नाही आणि सगळी ने-आण पेन ड्राइव्हनेच होते. वजनकाट्यावरच्या अँटिव्हायरसची मुदत संपून दीड वर्ष झालं होतं. त्याच संगणकाला एका ट्रक ड्रायव्हरचा मोबाइल चार्जिंगला लावलेला होता.

दोन दिवस बसून आम्ही मिलची घडी बसवली. काट्याच्या संगणकावर यूएसबी स्टोरेज बंद केलं. माउस आणि कीबोर्ड चालतात, पेन ड्राइव्ह उघडत नाही. मोबाइल वेगळ्या पद्धतीने जोडला जातो, म्हणून त्याची वाट वेगळी बंद करावी लागली. सगळीकडे ऑटोरन बंद केलं. रोजच्या कामासाठी साधी खाती दिली, ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मालकांकडे ठेवला. फायलींचं पूर्ण नाव आणि लपवलेल्या फायली दिसतील अशी सोय केली. दाराजवळच्या टेबलावर एक संगणक फक्त तपासणीसाठी ठेवला. त्याला इंटरनेट आहे, मिलच्या नेटवर्कशी संबंध नाही. बाहेरचा पेन ड्राइव्ह आधी तिथे लागेल आणि वहीत नोंद होईल. मिलच्या स्वतःच्या पेन ड्राइव्हना नंबर दिले. हिशेबाची प्रत एका वेगळ्या डिस्कवर घेऊन ती काढून कपाटात ठेवायची, असं ठरलं. कायम जोडलेली डिस्क व्हायरस आला की संगणकाबरोबरच जाते.

शेवटी काट्याच्या खिडकीबाहेर चार सॉकेटचा एक बोर्ड बसवला. ड्रायव्हर रात्रभर गाडी चालवून येतो, त्याला चार्जिंग लागणारच. नुसतं ‘नाही’ म्हटलं असतं तर चार दिवसांनी नियम मोडला असता.

यासाठी सरकारी साधनही आहे. सी-डॅक या सरकारी संस्थेने ‘यूएसबी प्रतिरोध’ नावाचं सॉफ्टवेअर केलं आहे आणि 2017 साली सुरू झालेल्या सायबर स्वच्छता केंद्रामार्फत ते मोफत मिळतं. नोंद केलेला ड्राइव्ह आणि परवानगी असलेला माणूस, एवढ्यांनाच ते आत घेतं. पण सॉफ्टवेअरवर सगळा भार टाकता येत नाही. 2014 साली जर्मन संशोधकांनी दाखवून दिलं की पेन ड्राइव्हच्या आतल्या चिपमधला प्रोग्रॅम बदलला की तो स्वतःला कीबोर्ड म्हणवू शकतो आणि आपल्या नकळत आज्ञा टाइप करू शकतो. स्टोरेज बंद असलं तरी असा ड्राइव्ह अडत नाही. तो ओळखायला माणूसच सावध लागतो.

इतक्या वर्षांत मला एक गोष्ट पक्की कळली आहे. अनोळखी माणसाकडून आपण सहसा पेन ड्राइव्ह घेत नाही. व्हायरस येतो तो भाच्याकडून, सहकाऱ्याकडून, वीस वर्षं आपला हिशेब पाहणाऱ्या सल्लागाराकडून. त्यांचा पेन ड्राइव्ह तपासायचा म्हणजे त्यांच्यावर अविश्वास, असं वाटून आपण संकोचतो. हा संकोच सोडायला हवा. दवाखान्यात डॉक्टर प्रत्येकासाठी नवी सुई काढतात, त्यात कुणाचा अपमान होत नाही.

म्हणून शाळा, पतसंस्था, ग्रामपंचायत, दुकान, जिथे कुठे तुम्ही संगणकासमोर बसत असाल, तिथे एवढंच करा. पेन ड्राइव्ह पुढे आला की हसून विचारा, “हा शेवटचा कुठे लागला होता?” आणि उत्तर काहीही येवो, आधी तपासा, मगच लावा.