चवळीच्या चुलत बहिणीची मिठाई

जपानमधला सगळ्यात लाडका मासा समुद्रात सापडत नाही. तो फुटपाथवर, लोखंडी साच्यात तयार होतो. नाव तायाकी. माशाच्या आकाराच्या साच्यात मैद्याचं पातळ पीठ ओतायचं, मधे गोड सारण भरायचं, साचा मिटायचा आणि आचेवर उलटसुलट भाजायचं. कडा कुरकुरीत, पोट मऊ. टोकियोच्या आझाबु-जुबान भागातलं नानिवाया हे दुकान १९०९ पासून हे मासे भाजतंय. खाताना डोक्यापासून सुरुवात करावी की शेपटीपासून, यावर तिथे मोठी माणसंही हिरिरीने वाद घालतात. माझं मत शेपटीच्या बाजूने! आधी कुरकुरीत, मग पोटातला ऐवज.

रोज तव्यावर भाजून घ्यायला वैतागलेला एक तायाकी समुद्रात पळून जातो, अशा कथेचं एक बालगीत १९७५ च्या डिसेंबरात निघालं. त्याच्या ४५ लाखांहून जास्त तबकड्या खपल्या. जपानमध्ये एका गाण्याच्या तबकडीच्या खपाचा तो विक्रम आजही कायम आहे.

पोटात दडलंय काय?

ते सारण म्हणजे ‘आन’ किंवा ‘आन्को’, आणि ते होतं आझुकी नावाच्या लालबुंद कडधान्याचं. मूग, उडीद, मटकी, चवळी ही आपली नेहमीची मंडळी वनस्पतिशास्त्रात ज्या ‘व्हिग्ना’ गटात मोडतात, त्याच गटात आझुकीही येते. दाणे शिजवायचे, साखर घालून आटवायचे. सालांसकट ठेवलं तर त्सुबुआन, साल काढून गुळगुळीत गाळलं तर कोशिआन. जपानी घरांत याचे दोन पक्ष असतात आणि कुणी सहसा पक्ष बदलत नाही. देशात पिकणाऱ्या आझुकीपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक एकट्या होक्काइदो बेटावर पिकते.

डोरेमॉन ज्याच्यासाठी जीव टाकतो आणि आपल्याकडची मुलं ज्याला ‘डोरा केक’ म्हणतात, त्या दोरायाकीतही दोन गुबगुबीत चकत्यांच्या मधे हेच सारण असतं.

सम्राटांनी खाल्लेला बनपाव

युरोपी पाव जपानी जिभांना रुचेना, तेव्हा पूर्वी सामुराई असलेल्या किमुरा यासुबेई यांनी १८७४ मध्ये युक्ती लढवली. पीठ साके दारूसाठी वापरतात त्या विरजणाने फुगवलं आणि पावाच्या पोटात आन भरलं. झाला आनपान! ४ एप्रिल १८७५ रोजी तो सम्राट मेइजींपुढे ठेवला गेला, वर खारवलेलं चेरीचं फूल खोचून. तेव्हापासून ४ एप्रिल हा आनपानचा दिवस. टोकियोतल्या गिन्झा या झगमगाटी पेठेत यासुबेईंचं किमुराया हे दुकान आजही आहे आणि खारवलेल्या फुलाचा आनपान आजही मिळतो. गोडाच्या मधेच येणारा तो मिठाचा कण अप्रतिम लागतो.

गोव्याहून निघालेली साखर

ख्रिस्ती धर्मप्रचारक फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये जपानच्या कागोशिमा बंदरात उतरले, ते गोव्याच्या बाजूनेच आले होते. त्यांच्या मागोमाग पोर्तुगीज जहाजांतून आणखी पाद्री आले आणि साखरेचे पदार्थ आले. लुईस फ्रॉइस या पाद्र्याची दीक्षा गोव्यात झाली होती. त्याने १५६९ मध्ये ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराला काचेच्या बरणीतून साखरेचे काटेरी दाणे भेट दिले. जपानने ते आपलेसे केले आणि आज ते कोम्पेइतो म्हणून मिळतात.

संक्रांतीचा काटेरी हलवा ज्यांनी घरी केलाय, त्यांना कोम्पेइतोची कृती समजावून सांगावी लागणार नाही. मधे बारीक दाणा, खाली मंद आच, वरून थोडा थोडा पाक आणि अखंड हलवणं. फरक एवढाच की क्योतोचे कारागीर हे काम मोठ्या, तिरक्या, फिरत्या कढईत करतात आणि एका घाण्याला दोन आठवड्यांच्या आसपास लागतात. क्योतोचं ऱ्योकुजुआन शिमिझु हे दुकान १८४७ पासून फक्त कोम्पेइतो करतं. कढईत दाणे घरंगळण्याच्या आवाजावरून तिथले कारागीर पाकाचा अंदाज घेतात. ही विद्या कागदावर लिहिता येत नाही, शेजारी उभं राहूनच शिकावी लागते.

हजार वर्षांची हातगाडी म्हणा हवं तर

क्योतोच्या इमामिया देवळाच्या दाराशी इचिवा नावाचं दुकान आहे. स्थापना इ. स. १०००! पदार्थ एकच, आबुरी-मोची. चिकट तांदळाच्या अंगठ्याएवढ्या गोळ्या सोयाबीनच्या भाजक्या पिठात घोळवून बांबूच्या काड्यांना टोचतात, कोळशावर भाजतात आणि वर गोडसर पांढऱ्या मिसोचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचा, रस ओततात. समोरच काझारिया हे दुसरं दुकान आहे, तेही शेकडो वर्षांचं, पदार्थ तोच. दोन्हीकडे खावं, हेच न्यायाचं.

इचिवा सुरू झालं त्याच सुमारास सेई शोनागोन ही दरबारी विदुषी आपल्या ‘माकुरा नो सोशी’ या ग्रंथात डौलदार गोष्टींची यादी करत होती. त्या यादीत नव्याकोऱ्या धातूच्या वाडग्यातला, वेलीचा गोड रस घातलेला किसलेला बर्फही आहे. आजच्या टोकियोत उन्हाळ्यात काकिगोरीसाठी, म्हणजे गोड किसलेल्या बर्फासाठी, रांगा लागतात, त्याचं मूळ हे इतकं जुनं.

पान खायचं की काढायचं?

वसंतात येते साकुरामोची, चेरीच्या खारवलेल्या पानात गुंडाळलेली. टोकियोत सुमिदा नदीकाठी चोमेइजी देवळाजवळ ती १७१७ पासून विकली जाते. गंमत अशी की ताज्या चेरीच्या पानाला तो सुवास जवळजवळ नसतोच, मिठात मुरल्यावर तो उमलतो. हे पान खातात. मात्र ५ मेच्या बालदिनी मिळणाऱ्या काशिवामोचीचं ओकचं पान खात नाहीत. या झाडाची जुनी पानं नवे कोंब फुटेपर्यंत गळत नाहीत, म्हणून ते घराण्याचा वंश चालू राहण्याचं चिन्ह.

क्योतोत ३० जूनला मिनाझुकी खातात, पांढऱ्या त्रिकोणी वडीवर आझुकीचा थर. त्रिकोण हा बर्फाचा तुकडा. पूर्वी उन्हाळ्यात खरा बर्फ दरबारालाच परवडायचा, म्हणून लोकांनी तांदळाचा केला. मला सगळ्या जपानी मिठाईत ही कल्पना सगळ्यात जास्त आवडते.

आणि चहाप्रेमींसाठी एक धक्का: चहासमारंभात मिठाई चहाबरोबर येत नाही. ती आधी पूर्ण संपवायची, मग कडू माच्चा चहा.

कोपऱ्यावरचं दुकान

कोन्बिनी, म्हणजे अहोरात्र उघडं असलेलं कोपऱ्यावरचं दुकान, ही जपानी शहराची खरी अन्नपूर्णा. सेव्हन-इलेव्हनचं जपानमधलं पहिलं दुकान टोकियोच्या तोयोसु भागात १९७४ मध्ये उघडलं. तिथला राजा ओनिगिरी, समुद्री शेवाळात गुंडाळलेला भाताचा त्रिकोण. भाताच्या ओलीने शेवाळ मऊ पडू नये म्हणून दोघांमधे प्लास्टिकचा पापुद्रा असतो. क्रमाने ओढला की तो निघून येतो आणि शेवाळ तोंडात कुर्रकन मोडतं. पदार्थ मात्र पुरातन आहे. इशिकावा प्रांतात १९८७ मध्ये उत्खननात काळाठिक्कर पडलेला भाताचा गोळा सापडला, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा.

हिवाळ्यात रस्त्यावरच्या यंत्रात नाणं टाका, मक्याच्या गरम सुपाचा डबा खाली पडतो. आणि मोठ्या दुकानांच्या तळघरात, म्हणजे देपाचिकात, बंद व्हायच्या आधी तासभर जा. डब्यांवर सवलतीची चिठ्ठी चिकटवणारा कर्मचारी दिसला की गर्दी त्याच्यामागे सरकते.

घरच्या ताटात हिंदुस्थान

जपानी घरात मुलांना विचारा, आज काय हवं? ‘कारे राइसु’, करी-भात, हे उत्तर हमखास येतं. मेइजी काळात ब्रिटिशांमार्फत ती आली, आरमाराने उचलली आणि आजही जपानच्या आरमारी जहाजांवर शुक्रवारी करी असते. १९६३ पासून सफरचंद-मधाच्या गोडसर चवीची वड्यांतली तयार करी घराघरांत पोचली.

पण खरी हिंदुस्थानी करी तिथे नेली ती एका क्रांतिकारकाने. रासबिहारी बोस १९१५ मध्ये इंग्रजांना चुकवत जपानला पोचले. टोकियोच्या शिंजुकु भागातल्या नाकामुराया बेकरीच्या सोमा दांपत्याने त्यांना लपवलं. पुढे १९१८ मध्ये सोमांच्या तोशिको या मुलीशी त्यांचं लग्न झालं. ब्रिटिश वळणाची पिठूळ करी बोसांना मान्य नव्हती. त्यांच्या आग्रहाने नाकामुरायाने १९२७ मध्ये मसाल्यांची, हाडासकट कोंबडीची करी सुरू केली. शिंजुकुत ती आजही वाढतात. जपानला जाणाऱ्या मराठी माणसाने ती खायलाच हवी.

शाकाहारी मंडळींनी मात्र एक लक्षात ठेवावं. मिसो सूप, नूडल्सचा रस्सा, अगदी साध्या भाजीतही सुकवलेल्या बोनिटो माशाचं ‘दाशी’, म्हणजे सार, असतं, म्हणून ‘कोम्बु दाशी’ मागावं, ते समुद्री शेवाळाचं. पारंपरिक मिठाई बहुतेक निर्धोक आहे. दूध-तूप क्वचितच असतं आणि वड्या घट्ट होतात त्या आगार-आगारने, म्हणजे आपल्या चायना ग्रासने. अंडं असतं ते दोरायाकीत आणि पोर्तुगीजांकडून आलेल्या कासुतेरा केकमध्ये. ते चालत नसेल, तर आबुरी-मोचीपासून सुरुवात करा.