चुंबकालाही ऊन लागतं

फुलंब्रीहून शहरातलं घाटी रुग्णालय तिसेक किलोमीटर. अर्धांगवायूचा झटका आलेल्या माणसाचा एमआरआय करायचा तर आधी त्याला शहरात न्यायचं, मग नंबर लावायचा. यंत्रच इकडे आणावं म्हटलं, तर चुंबक आडवं येतं. दीड टेस्लाचं हे धूड कित्येक टनांचं असतं आणि बहुतेक ठिकाणी उणे 269 अंशांच्या द्रवरूप हेलियमवर जगतं. 2018 साली मुंबईतल्या एका रुग्णालयात अशाच चुंबकाने ऑक्सिजनचा सिलिंडर हातात असलेल्या माणसाला ओढून घेतलं. तो वाचला नाही.

हेलियमला रजा द्यायची, तर एक वाट कायमस्वरूपी चुंबकांची. हायपरफाइन कंपनीच्या चाकांवरच्या स्कॅनरला 2020 मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. तो 0.064 टेस्लाचा आहे, भिंतीवरच्या साध्या प्लगवर चालतो. मला मात्र नेदरलँड्समधल्या लायडनची 2019 ची रचना जास्त आवडते. लुडोच्या फाशाएवढे, 12 मिलिमीटरचे जवळपास तीन हजार निओडिमियम चुंबक कड्यांमध्ये बसवलेले आणि मधल्या पोकळीत डोकं मावेल एवढी जागा. ताकद 0.05 टेस्ला.

गंमत मांडणीत आहे. देवळाला प्रदक्षिणा घालताना एखादं पोर गिरक्या घेतं, तसं कड्यावरून पुढे जाताना चुंबकाचं तोंड फिरत जातं. एका प्रदक्षिणेत बरोबर दोनदा. मग आतलं क्षेत्र एकमेकांत मिळून वाढतं, बाहेरचं जवळजवळ मिटतं. सिलिंडर शेजारी असला तरी ओढला जाण्याची धास्ती फारशी उरत नाही. क्लाउस हालबाख यांनी 1980 च्या सुमारास कणत्वरकांसाठी ही रचना विकसित केली. कागदावर सोपी, प्रत्यक्षात हे फासे एकमेकांना झिडकारतात, नाहीतर झडप घालतात, आणि मध्ये बोट सापडलं की नख काळंनिळं.

खरी परीक्षा पुढेच आहे. एमआरआय ऐकतो ते शरीरातल्या हायड्रोजनचं 'स्टेशन' 0.05 टेस्लात 2.13 मेगाहर्ट्झवर लागतं, रेडिओच्या मिडियम वेव्हच्या जरा वर. पण निओडिमियम दर अंशाला साधारण 0.11 टक्के ताकद गमावतो, म्हणजे स्टेशन दोनेक किलोहर्ट्झने सरकतं. चुंबक 25 अंशांवरून 42 पर्यंत तापला, तर जवळपास चाळीस किलोहर्ट्झ! चित्र काढायला वापरतात तो पट्टाच मुळात काही दहा किलोहर्ट्झचा. त्यात खिडकीकडची बाजू आधी तापली, तर क्षेत्राचा सारखेपणाही बिघडतो. समेरियम-कोबाल्टचे चुंबक उन्हाला बरेच कमी बधतात, पण ते महाग आणि तुलनेने दुबळे.

क्षीण क्षेत्राचं चित्र भरडच येतं. मेंदूतला मोठा रक्तस्राव किंवा साचलेलं पाणी दिसेल, बारीकसा डाग निसटेल. ज्याला घाटीला पाठवायचं, त्याला आजही पाठवावंच लागेल.

मे महिन्यातल्या दुपारी तीनला वीज गेली, एसी बंद पडला आणि तासाभराने परत सुरू झाला, की तंत्रज्ञाने रुग्णाला आत सरकवायच्या आधी पुन्हा स्टेशन लावायचं.