एक नळी, एक लॉट : अचूक नेमाचा हिशेब

सुरतेच्या कापडधंद्यात वावरणाऱ्याला ‘लॉट’ हा शब्द शिकवावा लागत नाही. डाइंग मिल तीच, रंगही तोच. पण लॉट बदलला की साडीची छटा किंचित बदलते. आमच्या कोसाडमधल्या मराठी घरांतही हे सगळ्यांना माहीत असतं. रायफल नेमबाजीत हाच शब्द काडतुसांच्या डबीवर असतो आणि तिथेही तितकाच मोलाचा ठरतो.

1 ऑगस्ट 2024 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्यपदक मिळवलं. पात्रता फेरीत त्याचे गुण होते 600 पैकी 590. या प्रकारात दहा गुणांचं वर्तुळ फक्त 10.4 मिमी व्यासाचं असतं आणि गोळी 5.6 मिमीची. गोळीची कड वर्तुळाला टेकली तरी दहा मिळतात. म्हणजे गोळीचा मध्य फार तर 8 मिमी सरकलेला चालतो. त्यातले 6 मिमी नळी आणि काडतुसानेच खाल्ले, तर माणसाच्या श्वासाला, हाताला, वाऱ्याला उरतात जेमतेम 2.

काडतूस का बदलतं?

.22 च्या स्पर्धेच्या काडतुसातली शिशाची गोळी साधारण 2.6 ग्रॅमची असते आणि सेकंदाला सुमारे 325 मीटर, म्हणजे आवाजापेक्षा थोड्या कमी वेगाने सुटते. 50 मीटर जाईपर्यंत ती 12 सेंमीच्या आसपास खाली येते. ढोबळ हिशेब केला, तर वेगात 5 मीटरचा फरक पडला की लक्ष्यावर जवळजवळ 4 मिमीचा फरक दिसतो. म्हणूनच महागडं काडतूस घेताना आपण जास्त वेग विकत घेत नसतो; प्रत्येक गोळीचा वेग सारखा असावा, यासाठी पैसे मोजत असतो.

नळी कशी असावी?

नळीच्या आत पिळाचे आटे असतात; .22 मध्ये बहुधा 16 इंचांत एक फेरा. त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरते आणि सरळ जाते. जाड नळी कमी थरथरते. लांब नळी म्हणजे जास्त अचूक, हा मात्र गैरसमज. .22 चं थोडंसं बारूद 16 ते 18 इंचांत आपलं काम उरकतं. गोळी नळीतून शेवटची सुटते ते टोक मात्र निर्दोष हवं. तिथे बारीकसा टवका उडाला तरी नेम बिघडतो.

सेमी-ऑटोमॅटिकची अडचण

ऑलिंपिकच्या 50 मीटर रायफलमध्ये प्रत्येक गोळी हाताने भरावी लागते. सेमी-ऑटोमॅटिक .22 रायफलमध्ये गोळी सुटतानाच्या दाबाने बोल्ट मागे जातो, रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि स्प्रिंगमुळे नवं आत येतं. इथे दोन गरजा एकमेकींच्या आड येतात. अचूकतेसाठी चेंबर घट्ट हवं. पण फार घट्ट केलं तर काडतूस अडकतं. मंद काडतूस अचूक असलं, तरी बोल्ट पुरता मागे ढकलेलच असं नाही. शिवाय मॅगझिनमधून वर येताना मऊ शिशाला ओरखडा पडू शकतो. त्यामुळे अशा रायफलीला ना सैल ना घट्ट असं मधलं चेंबर आणि बोल्ट दरवेळी नीट चालवणारं काडतूस लागतं. पालेम्बंगमध्ये 2018 च्या आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबतने सुवर्ण जिंकलं त्या 25 मीटर पिस्तूल प्रकारातही एक काडतूस अडकलं की सगळी लय मोडते.

मग निवडायचं कसं?

जोडी जुळवून. एका नळीला आवडलेला लॉट शेजारच्या, त्याच कंपनीच्या नळीला आवडेलच असं नाही. इंग्लंडची ईली किंवा जर्मनीतल्या शोनेबेकचं लापुआचं केंद्र नेमबाजाची स्वतःची रायफल शिकंज्यात बसवून वेगवेगळे लॉट तपासून देतं. आपल्या क्लबमध्येही टेकू देऊन, वारा शांत असताना हे करता येतं. तीन-चार लॉटच्या एकेक-दोन डब्या घ्या. प्रत्येक लॉट बदलताना आधीच्या गोळ्यांचं मेण नळीतून जावं म्हणून काही गोळ्या मोजू नका. मग दहा-दहाचे निदान चार गट झाडा. एकच सुंदर गट पाहून भुलू नका. सर्वांत वाईट गट कोणाचा सर्वांत लहान, ते पाहा. तोच लॉट हंगामभर पुरेल इतका घ्या.

भारतात बंदूक आणि काडतुसं दोन्हींना 1959 च्या शस्त्र कायद्याची चौकट आहे. म्हणून नवशिक्याने सुरुवात एनसीसीच्या .22 रायफलीवर किंवा मान्यताप्राप्त क्लबात, प्रशिक्षकाच्या नजरेखाली करावी. महागडी नळी घेण्याआधी तेच पैसे चाचणीच्या डब्यांवर घातले, तर बेताच्या खिशाच्या विद्यार्थ्यालाही गुण वाढलेले दिसतील.