प्रेमोद्यानाचे धनी

चाकूर परिसरात एखादी ढासळलेली गढी किंवा छत कोसळलेला वाडा दाखवून जाणती माणसे त्या घराण्याच्या वैभवाच्या कथा सांगतात. ऱ्हासाचे कारण मात्र दोन शब्दांत आटोपते : दिवस फिरले. दिवस नेमके कसे फिरतात, याचा हिशेब ज्यांच्या बाबतीत कागदोपत्री उरला आहे, असे श्रेष्ठी म्हणजे मुंबईचे प्रेमचंद रायचंद.

सुरतेच्या जैन कुटुंबातील हे दलाल. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानी कापसाला सोन्याचे मोल आले. मुंबईत पैशाचा पूर लोटला. भायखळ्याचा ‘प्रेमोद्यान’ बंगला म्हणजे शेअरबाजाराचे दुसरे दरबारस्थानच. बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांपर्यंत चढला. कंपनी जी जमीन विकणार होती ती अद्याप समुद्राखालीच होती, याची आठवण फारशी कोणी ठेवली नाही!

खरा घात झाला तो तारणात. १८६३ च्या कायद्याने बँक ऑफ बॉम्बेला शेअरच्या तारणावर कर्ज देण्याची मुभा मिळाली. कर्जाच्या पैशाने शेअर घ्यायचे, त्यांचा भाव वाढला की तेच तारण ठेवून पुन्हा कर्ज काढायचे, असे चक्र सुरू झाले. प्रेमचंदांचा शब्द बँकेत तारणाइतकाच चाले. सावकारी पेढीवरील साध्या गुमास्त्यालाही जे कळावे, ते संचालकांना कळले नाही.

एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस उतरला. १ जुलै १८६५ च्या वायद्याला देणेकरीच उरले. २,८५० रुपयांचा बँकेचा शेअर ८७ वर आला. १८६८ मध्ये बँक गुंडाळली गेली. चौकशी आयोगापुढे सारे व्यवहार उघड झाले. किती घरांची पुंजी त्यात बुडाली! प्रेमचंदांना या दोषातून मोकळे करता येत नाही.

परंतु तेजीच्या दिवसांत, १८६४ मध्येच, त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख देऊन ठेवले होते. दिलेले दान बुडाले नाही. मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला. त्याला नाव मातोश्री राजाबाईंचे. प्रेमचंदांनी पुन्हा व्यवसाय उभारला, पूर्वीची शान मात्र परतली नाही. १९०६ मध्ये ते निवर्तले.

प्रेमोद्यानही कुटुंबाकडे राहिले नाही. जेथे शेअरचे भाव ठरत, तेथे आज रेजिना पॅसिस कॉन्व्हेंटच्या मुली शिकतात.