चाकामागचा रंग

मोटारीच्या मडगार्डखाली चाक फिरण्यासाठी ठेवलेल्या कमानदार पोकळीला ‘व्हील वेल’ म्हणतात. तेथे चिखल, पाणी आणि खडी सतत आपटत असल्याने गंज रोखण्यासाठी आतून डांबरयुक्त काळा लेप देण्याची पद्धत होती, आणि हा काळेपणा सावलीत मिसळून जाई. अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, दुसऱ्या महायुद्धानंतर जुन्या मोटारींचे छत कापून बुटके करणे, सांगाडा जमिनीलगत उतरवणे आणि अनावश्यक चिन्हे काढून पत्रा सलग करणे, अशा ‘कस्टम’ कामाची लाट आली. जॉर्ज बॅरिस आणि त्यांचे बंधू सॅम यांनी घडवलेल्या मर्क्युरी मोटारी हे तिचे ठळक उदाहरण होय. त्या काळात मागचे चाक पत्र्याच्या झाकणाआड, म्हणजे ‘फेंडर स्कर्ट’खाली, लपवण्याचा प्रघात असल्याने आतल्या रंगाला अर्थच नव्हता. पुढे पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात झाकणे निघू लागली, कमानी गोल कापल्या जाऊ लागल्या, आणि क्रोमचा मुलामा दिलेले चाक मिरवण्याची वस्तू ठरले, तेव्हा त्यामागची पोकळीही पांढऱ्या किंवा अंगरंगाशी जुळणाऱ्या रंगाने रंगवली जाऊ लागली. पांढऱ्या पार्श्वभूमीवर चाकाची कड उठून दिसते, हे खरे. परंतु तोच रंग मागील स्प्रिंग, नळ्या आणि ओबडधोबड जोडही उघडे पाडतो, त्यामुळे आतली सफाई तितकीच नेटकी असावी लागते. रोजच्या रस्त्यावर हा रंग फार टिकत नाही. तो मुख्यतः प्रदर्शनातल्या मोटारींनाच शोभतो.