आजी खोटं सांगत होती का? : एका बेने इस्रायल घराण्याच्या मुळाचा शोध

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या तोंडावर, राजारामपुरीतल्या माझ्या घरी इस्रायलमधून एक फोन आला. फोनवर माझ्या जुन्या शेजाऱ्यांची नात होती. नव्वदच्या दशकात बँकेने माझी बदली अलिबागला केली, तेव्हा आमच्या भिंतीला लागून एक बेने इस्रायल कुटुंब राहत असे. ही मुलगी तेव्हा शाळेत होती. आज ती दोन मुलांची आई आहे.

"काका, मी डीएनए तपासून घेतला," ती म्हणाली. "निम्म्याहून जास्त भाग भारतीय निघाला. आजी तर सांगायची, आपण दोन हजार वर्षांपूर्वी गलबत फुटून नवगावला लागलो. मग आजी खोटं सांगत होती का?"

मी ना इतिहासाचा प्राध्यापक, ना जनुकशास्त्रज्ञ. वाणिज्य शाखेचा पदवीधर, चाळिशीत मोडी शिकलेला. त्यामुळे उत्तर द्यायला मला दोन वर्षे लागली. तेच उत्तर इथे सविस्तर मांडतो आहे, कारण आपल्याकडेही हल्ली घरोघरी वंशावळी शोधल्या जात आहेत आणि हाच प्रश्न उद्या आपल्याला पडणार आहे.

आजीची गोष्ट

ही गोष्ट बेने इस्रायलांच्या घराघरांत सांगितली जाते. छळाला कंटाळून काही यहुदी कुटुंबे समुद्रमार्गे निघाली. चौलच्या परिसरात गलबत फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. बुडालेल्यांना अलिबागजवळच्या नवगावला पुरले. वाचलेले लोक कोकणात पांगले, तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून 'शनवार तेली' म्हटले जाऊ लागले. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी हे आगमन इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमाराचे मानले.

या कथेत सावध करणारी एक खूण आहे. समुद्रातून किनाऱ्याला लागलेल्या चौदा देहांची कथा चित्पावनांच्या उत्पत्तीबद्दलही सांगितली जाते. एकाच किनाऱ्यावरच्या दोन समाजांत चौदाचा आकडा आढळतो, तेव्हा कथा एका अंगणातून दुसऱ्या अंगणात गेली असण्याचा संभव धरावा लागतो. पण म्हणून सगळीच गोष्ट टाकून द्यायची का? त्यासाठी कागदांकडे वळलो.

कागद काय बोलतात

बेने इस्रायल घराण्याचा शोध आडनावापासून सुरू होतो. किहीमकर, रोहेकर, पेणकर, दिवेकर, झिराडकर, नवगावकर ही आडनावे गावावरून आली आहेत. आडनाव म्हणजे मूळ गावाचा पत्ताच. नकाशावर ही गावे मांडली की आजच्या रायगड जिल्ह्याची किनारपट्टी उभी राहते. १८८३ सालच्या कुलाबा-जंजिरा गॅझेटियरमध्ये या समाजाची माहिती स्वतंत्रपणे दिलेली आहे.

खरी अडचण पहिल्या नावाची. या कुटुंबाच्या ट्रंकेत लग्नाचे करारपत्र, पलटणीतल्या नोकरीचा दाखला आणि मोडीतले एक खरेदीखत होते. खरेदीखतात 'हसाजी वल्द सामाजी' असे वाचले आणि मी मोठ्या आत्मविश्वासाने कळवले, "हा माणूस तुमचा नव्हे, कागद चुकून तुमच्या ट्रंकेत आलेला दिसतो." चूक माझीच होती. हसाजी म्हणजे यहेज्केल, सामाजी म्हणजे शमुवेल, अबाजी म्हणजे अब्राहाम. एकोणिसाव्या शतकात मिशनरी आणि कोचीनचे यहुदी शिक्षक यांच्यामुळे समाजाचा बायबल आणि हिब्रूशी जवळून परिचय झाला. जॉन विल्सन यांनी तर १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले. त्यानंतर घराघरांतली मराठी वळणाची नावे मागे पडून बायबलमधली नावे आली. त्यामुळे आजोबा सामाजी आणि नातू सॅम्युएल असे दिसले, तर घराणे बदलले असे नव्हे. फक्त नावाची रीत बदललेली असते.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे मुंबईतले पहिले सिनेगॉग बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर. ते कंपनीच्या फौजेत होते आणि टिपूच्या कैदेतून सुटून आले. सिनेगॉग उभे राहिले १७९६ साली.

या कुटुंबाची साखळी कागदांवरून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गेली आणि तिथे थांबली. समाजाची साखळी आणखी मागे जाते. १७३८ साली सार्टोरियस या मिशनऱ्याने लिहिलेल्या पत्रात सुरत आणि राजापूरकडच्या 'बेने इस्रायल' म्हणवणाऱ्या लोकांचा उल्लेख आहे. 'शमा' ही एकच प्रार्थना त्यांना येते, असे त्यात म्हटले आहे. त्याही आधी, १२०० च्या सुमारास, मायमोनिडीस या यहुदी पंडिताने एका पत्रात लिहिले की हिंदुस्थानातल्या यहुद्यांना शब्बाथ आणि सुंता यांपलीकडे धर्मशास्त्र ठाऊक नाही. हे लोक बेने इस्रायलच, असे पत्रात म्हटलेले नाही. पण वर्णन जुळते. त्यामागे कागद गप्प आहेत.

रक्तातला सातबारा

इथून पुढे डीएनए. त्याची रीत समजायला आपल्याकडचा जमिनीचा दाखला पुरतो. समजा पणजोबांची वीस एकर सलग जमीन होती. दर पिढीला वाटणी होते आणि गटाचे तुकडे पडतात. शंभर वर्षांनी कोणी सातबारे समोर मांडले, तर तुकड्यांच्या आकारावरून किती वाटण्या झाल्या असतील याचा अंदाज करता येतो. डीएनएचेही तसेच आहे. दोन वेगळ्या समाजांतले स्त्री-पुरुष एकत्र येतात, तेव्हा मुलाला दोन्हीकडची लांबच लांब सलग पट्टी मिळते. पुढच्या प्रत्येक पिढीत तिचे तुकडे होतात. आज तुकडे जितके लहान, तितका तो संकर जुना.

२०१६ साली बेने इस्रायलांच्या डीएनएचा असा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १८ बेने इस्रायल व्यक्तींचे नमुने होते आणि तुलनेला यहुदी, भारतीय व पाकिस्तानी अशा ४१ गटांतल्या ४८६ व्यक्ती. निष्कर्ष असे निघाले : या समाजात पश्चिम आशियाई यहुदी आणि भारतीय असे दोन्ही वाटे भरघोस आहेत. हा संकर १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाला. यहुदी वाटा मुख्यतः पुरुषांकडून आला, तर स्थानिक वाटा मुख्यतः स्त्रियांकडून. त्यानंतर समाज फार लहान राहिला आणि आपसांतच लग्ने करत राहिला. त्याच वर्षी आलेल्या, भारतीय शास्त्रज्ञांच्या दुसऱ्या एका अभ्यासातही स्थानिक वाटा मोठा, पण पश्चिम आशियाई अंश निश्चित ओळखण्याजोगा, असेच दिसले.

पिढी २५ ते ३० वर्षांची धरली, तर १९ ते ३३ पिढ्या म्हणजे साधारण पाच ते दहा शतके होतात. आजीचा हिशेब मात्र दोन हजार वर्षांचा. इथेच त्या मुलीचा आणि अनेकांचा घोटाळा होतो. डीएनएचे हे घड्याळ गलबत किनाऱ्याला लागल्या दिवशी सुरू होत नाही. ते सुरू होते दोन समाजांत लग्ने झाली तेव्हा. पूर्वज आधी येऊन कित्येक पिढ्या वेगळे राहिले असतील, तरी हे घड्याळ ती वर्षे मोजत नाही. एकाहून अधिक वेळा संकर झाला असेल, तर हाती येणारी तारीख कुठेतरी मधली असते आणि अलीकडच्या बाजूला झुकते. तेव्हा या आकड्याने आजीची दोन हजार वर्षे सिद्ध होत नाहीत, तशी खोडलीही जात नाहीत.

कंपनीच्या अहवालातली टक्केवारीही अशीच जपून वाचावी. ती त्या कंपनीच्या संग्रहात कोणाचे नमुने आहेत त्यावर ठरते. कंपनी बदलली की आकडा बदलतो. या मुलीच्या अहवालात 'जवळचे चुलतभाऊ' म्हणून डझनावारी नावे आली. विचारपूस केली तर गावे वेगळी, घराणी वेगळी. लहान समाजात शतकानुशतके आपसांत लग्ने झाली की सगळेच एकमेकांचे अनेक बाजूंनी नातलग होतात आणि दूरचे नातेही यंत्राला जवळचे वाटते. अशा समाजात काही आनुवंशिक आजार जास्त आढळण्याची शक्यता असते. लग्नाआधी डॉक्टरांचा सल्ला घेण्यापुरती ही माहिती फार उपयोगाची आहे.

गोष्टीत नसलेल्या बायका

आता मूळ प्रश्न. गोष्ट म्हणते, सात जोडपी आली. डीएनए म्हणतो, परक्या भूमीतून आलेले पूर्वज बहुतांशी पुरुष होते आणि घरे उभी केली ती इथल्या बायकांनी. या बायका गोष्टीत नाहीत. पण त्यांची खूण घराघरांत आहे. माझी शेजारीण आजी मंगळसूत्र घालायची, मराठीत ओव्या म्हणायची, आणि संदेष्टा एलियाच्या नावाने मलिदा करायची तो पोहे, ओला नारळ आणि साखरेचा. हे सगळे कोकणातले आहे.

ही गोष्ट सांगताना माझी जीभ जड झाली होती, आणि त्याला कारण आहे. यहुदी धर्मशास्त्रात वंश आईकडून मोजतात. १९६२ साली इस्रायलच्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने सूचना काढली की बेने इस्रायल व्यक्तीच्या लग्नाच्या वेळी तिच्या आईची, आजीची, शक्य तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. मायदेश म्हणून गेलेल्या माणसांना पुरावे मागितले गेले. जेरुसलेममध्ये धरणे धरली गेली. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेत बेने इस्रायल हे सर्व अर्थांनी यहुदीच असल्याचे मान्य झाले आणि त्यानंतर सूचनेतून त्यांचे नाव वगळले गेले. हा निर्णय रक्त तपासून झाला नव्हता. शनिवार पाळणारा, सुंता करणारा, 'शमा' विसरू न देणारा समाज हाच पुरावा होता.

खुद्द समाजातही 'गोरे इस्रायल' आणि 'काळे इस्रायल' असा भेद असे. काळ्यांच्या पूर्वजांत स्थानिक बायका होत्या, असे गोरे सांगत आणि त्यांच्याशी सोयरीक टाळत. आता दिसते ते असे की त्या बायका साऱ्या समाजाच्याच आज्या होत्या. त्या भेदाला रक्ताचा आधार उरत नाही.

म्हणून मी तिला फोनवर सांगितले, "आजी खोटं बोलत नव्हती. तिच्यापर्यंत जेवढी गोष्ट पोहोचली, तेवढी तिने सांगितली. समुद्रापलीकडून कोणीतरी आले, हे तिचं म्हणणं डीएनए उचलून धरतो. कधी आले, हे कोणालाच नेमकं सांगता येत नाही. आणि ज्या बायकांनी त्यांना घर दिलं, त्यांची नावं गोष्टीतून गळली. ती तू मुलांना सांगताना भर."

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "काका, हे मी अहवालासोबत इथे कोणाला दाखवू का?"

मी म्हटले, "दाखव किंवा नको, तुझी मर्जी. पण कोणी पुरावा म्हणून मागितला, तर देऊ नकोस. १९६४ ला तो लागला नव्हता, आजही लागत नाही."

वाचकांपैकी कोणाला आपले मूळ शोधायचे असेल, तर क्रम असा धरावा. आधी घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाची गोष्ट, त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावी. मग ट्रंकेतले कागद, मोडी जाणणाऱ्या दोघांकडून वेगवेगळे वाचून घ्यावेत. माझ्यासारखी चूक एकट्याकडून होते. डीएनए सर्वांत शेवटी. तपासणी दहा वर्षांनीही करता येईल. आजी तोवर थांबत नाही.